न द्यायचं चित्र

भिंतीवर टिकली होती. चित्राच्या उजव्या अंगाला, नावाच्या पट्टीशेजारी, लाल, मसुरीच्या दाण्याएवढी. शरदमास्तर टिळकवाडीतल्या त्या गॅलरीच्या दारात, चपला बाहेर काढाव्यात की नाही या घोटाळ्यात उभे होते, आणि त्यांना आधी दिसली ती टिकली. चित्र मागाहून दिसलं. छातीत काहीतरी ऊबदार हललं. ठेवलं पोरीनं, ते मनात म्हणाले. एवढ्या काचेच्या दारात, एवढ्या पांढऱ्या उजेडात, आपल्या शाळेची रीत विसरली नाही. ते तसेच चपलांसकट आत गेले. अशा ठिकाणी लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ड्रॉइंग मास्तर म्हणून जन्म गेला, कोल्हापूरची, पुण्याची प्रदर्शनं पाहिलेली. पण माणसाला माहीत असलेली गोष्ट डोक्यात असते आणि सवय डोळ्यात असते, आणि डोळा पुढे असतो. दोनचार पावलं चालेपर्यंत तो आनंद टिकला. मग माहिती येऊन पोचली, आणि ऊब होती तिथं हळूहळू गार व्हायला लागलं, उन्हातून घरात आल्यावर अंगावरचा सदरा गार होतो तसं.

ती रीत निपाणीच्या शाळेतली. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सुतळी ताणून मुलांची चित्रं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावायची. गावानं यायचं, बघायचं, आवडलं ते घरी न्यायचं. फुकट नाही. फुकट नेलेल्या वस्तूकडं माणूस दुसऱ्या दिवशी बघत नाही, हे मास्तर मुलांना समजावून सांगत. ज्याच्या हाताला जे असेल ते त्यानं द्यायचं. कुणी मेथीची पेंडी दिली, कुणी गुळाचा खडा. एका शिंप्यानं सूर्योदयाच्या चित्रापायी शाळेच्या पडद्याला नवी दुमड घालून दिली. चित्राला भाव असतोच, मास्तर म्हणत, पण तो घेणाऱ्याच्या हाताला पेलला पाहिजे. पहिल्याच वर्षी एक मूल रडायला लागलं. त्याचं मांजर कुणीतरी घेऊन चाललं होतं. मास्तर गोंधळले, अशी वेळ येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा विनोदिनीनं, त्यांच्या बायकोनं, आपल्या कपाळावरची टिकली काढून त्या मांजराच्या कोपऱ्यावर चिकटवली आणि म्हणाली, "हे न द्यायचं. झालं? आता पूस डोळे." तिथून नियमच झाला. प्रत्येक मुलाला एक टिकली. एकच. ज्याला लावशील ते तुझं, मग कुणी का मागेना. त्या एका टिकलीपायी मुलं दिवसदिवस विचारात पडत. तळहातावर टिकली घेऊन या चित्राकडून त्या चित्राकडे जात. मास्तरांना वाटे, आपण शिकवलेल्यातलं एवढंच खरं शिकवणं. रंग भरायला कुणीही शिकवील.

विनोदिनी गेल्यावरही टिकल्या चालू राहिल्या. टिळकवाडीजवळच्या शहापुरात राहायला आल्यावर रविवारी सकाळी घराच्या सोप्यात ते गल्लीतल्या मुलांना बसवत; पलीकडे माग खडखडत असायचे आणि त्या तालावर मुलं पेन्सिली हलवायची. टिकल्यांचं पाकीट संपलं की मास्तर कासाराच्या दुकानात जात. "मास्तर, ह्या वयात कुणासाठी हो टिकल्या?" असं कासार दर वेळी विचारी आणि दर वेळी स्वतःच हसे. मास्तरही हसत. तो विनोद जुना झाला होता, पण विनोदिनीचं नाव न घेता तिची आठवण काढायची ती एकच जागा उरली होती.

चित्रात भरमा होता. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत, चाळण हातात, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, आजूबाजूला तपकिरी धूळ. धूळ अशी रंगवली होती की मास्तरांच्या नाकात पूर्वीची शिंक उठून परत बसली. चेहरा म्हणावा असा नव्हताच. फक्त डोळे, आणि ते डोळे आता खोकला येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचे. हे चित्र काढणारी उपासना भरमाची मुलगी, मास्तरांची विद्यार्थिनी. सातवीत असताना तिनं बापाच्या हातांचं चित्र काढलं आणि त्याला टिकली लावली. हेडमास्तरांना ते ऑफिसात हवं होतं. पोरगी न्हाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी भरमा वखारीतून तसाच, अंगभर धुळीसकट शाळेत आला. "मास्तर, सायबांनी मागितल्यालं पोरगी देत न्हाय म्हनं. लहान हाय, तिला काय कळतंय. देऊन टाका." मास्तर म्हणाले, "टिकली लागलीय, भरमा. आता मलासुद्धा देता येत नाही." भरमा आधी घाबरला आणि मग त्याला हसू आलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला. "ही बरी युगत हाय की, मास्तर," तो म्हणाला. "आमास्नी बी द्या एकेक." पुढे त्या खोकल्यानंच तो गेला. घरात त्याचा धड फोटो नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रावरचा तेवढा, आणि त्याच्यात तो कुणीही वाटे.

"या सर, या!" आशुतोष आतल्या खोलीतून आला. गॅलरी त्याची. वकिलाचा मुलगा, बोलायला गोड, मास्तरांना वाकून नमस्कार करणारा. "बघितलंत? सकाळीच गेलं. सगळ्यात पहिलं गेलं."

गेलं. मास्तर त्या शब्दापाशी थांबले. भरमाचं कळलं तेव्हाही फोनवर त्याच्या बायकोनं, सोनुबाईनं, एवढाच शब्द उच्चारला होता.

"कुणी घेतलं?"

"बंगळूरचे आहेत. फोनवर फोटो पाठवले होते, त्यावरूनच घेतलं."

"म्हणजे बघितलं नाही?"

"बघतील की, सर. पोचल्यावर."

"आणि लावणार कुठं?"

आशुतोषनं जरा समजुतीनं त्यांच्याकडं पाहिलं. "लगेच लावणार नाहीत. त्यांचं गोदाम आहे, चित्रांसाठीच केलेलं. एसी, ओल नाही, धुळीचा कण नाही. चारपाच वर्षं ठेवतील, उपासनाचं नाव झालं, भाव चढला, की मग बघतील."

"वखार," मास्तर म्हणाले.

"काय, सर?"

"काही नाही."

भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नाही. मास्तरांच्या डोळ्यांपुढं बंद दारं आली, थप्प्या आल्या, आणि दोन थप्प्यांच्या मधल्या अंधारात तोंड बांधून उभा असलेला भरमा. उभं आयुष्य ज्या जागेत काढलं आणि ज्या जागेनं त्याला खाल्लं, तिथंच तो पुन्हा निघाला होता. या खेपेला धुळीविना. तिथं तरी खोकला येणार नाही, असा एक वेडगळ विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांना स्वतःची किळस आली.

कारण हे चित्र जायचं नव्हतंच. महिन्यापूर्वी उपासना सोप्यात येऊन बसली होती. गॅलरीतल्या समोरच्या मोठ्या भिंतीवर तेच चित्र पाहिजे, आणि मोठ्या भिंतीवर विकायचं नाही असं काही चालणार नाही, असं आशुतोषनं तिला सांगितलं होतं. आईला तर नेमकं तेच चित्र हवं होतं. सोनुबाईनं लेकीच्या खोलीत ते अर्धं झालेलं बघितलं तेव्हाच म्हणाली होती, "हे माज्या घरात. बाकीची तुजी तू काय बी कर." उपासना विचारत होती, काय करू सर? आणि मास्तरांना एकाएकी त्यांच्या लहानपणचा बैलांचा बाजार आठवला. बैल द्यायचा नसला तरी दावणीशी आलेल्या गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाय असं तोंडावर म्हणत नसत. ते बरं दिसत नाही, बैलालाही चांगलं नाही. भाव असा चढा सांगायचा की माणूस आपोआप हसून पुढं जातो. त्याचाही मान राहतो, बैलही राहतो. "भाव चढा सांग," मास्तर म्हणाले. "किती सांगू?" "सांगताना तुझी तुलाच लाज वाटेल एवढा." ती किती तरी दिवसांनी मोकळी हसली. दोघांनी मिळून अडीच लाख ठरवले, खेळात ठरवावेत तसे. जन्मभर चित्राचा भाव हाताला पेलेल एवढा असावा म्हणून सांगत आलेल्या माणसानं पहिल्यांदाच कुणाला न पेलणारा भाव सांगितला, आणि त्याचं त्यांना त्या दिवशी काही वाटलं नाही. उलट आपण हुशारी केली असं वाटलं.

"मलाही वाटलं होतं, हे राहील," आशुतोष सांगत होता. "पण त्यांचा पहिला प्रश्नच तो होता, सर. सगळ्यात महाग कुठलं आहे? ते सांगितलं. म्हणाले, तेच ठेवा."

मास्तर बाकावर बसले. बाक गुळगुळीत होता आणि त्याला पाठ नव्हती. बैलाच्या बाजारात चढा भाव ऐकून माणसं हसत होती. इथं चढा भाव ऐकून माणसं थांबत होती. एवढाच फरक, पण तो त्यांना कुणी शिकवला नव्हता, आणि आपण दुसऱ्याला मात्र शिकवून बसलो. त्यांनी विचारलं, परत घेता येईल का. आशुतोष म्हणाला, शब्द दिलाय. त्यांनी विचारलं, मग आईसाठी तिनं दुसरं तसंच काढलं तर? आशुतोष म्हणाला, "एकच आहे म्हणून त्यांनी घेतलंय, सर. दुसरं निघालं, तेही घरात नुसतंच दिलं, तर उद्या मला विचारतील, मग आमच्याकडून एवढे का घेतले? तिचाच भाव पडेल. तिचं पुढचं सगळं आहे."

"आईला दिल्यानं भाव पडतो?"

"पडतो, सर. मला आवडतं असं नाही." मग त्यानं आवाज खाली केला. "राग मानू नका. तुम्ही एवढी वर्षं घराघरांत चित्रं दिलीत. मेथीच्या पेंडीवर. त्यातलं आज कुठलं भिंतीवर आहे?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, म्हणून ते जास्त लागलं. मास्तरांनी पाहिलं होतं. शिंप्याच्या घरातला सूर्योदय पुढं फडताळात डब्यांखाली अंथरलेला होता. एका घरात जत्रेच्या चित्रावर पापड वाळत होते. तेव्हा त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पापडाखाली का होईना, चित्र घरात आहे, बाई पापड उलटताना एकदा जत्रेतल्या पाळण्याकडं बघते, असं ते म्हणाले होते. तेच आता उलटून अंगावर आलं. स्वस्त दिलं ते डब्याखाली गेलं, महाग लावलं ते वखारीत चाललं. मधे कुठं जागाच नाही का? वर्गात मुलानं असं विचारलं असतं तर त्यांनी खडू खाली ठेवून, त्याच्याजवळ बसून, सावकाश काहीतरी सांगितलं असतं. आता त्यांच्याजवळ बसणारं कुणी नव्हतं.

दार उघडलं आणि उपासना आईला घेऊन आत आली. सोनुबाई निपाणीहून सकाळच्या गाडीनं आली होती. इस्त्रीची पांढरी साडी, हातात पिशवी. दारात तिनं चपला काढल्या. कुणी काही म्हणायच्या आत ती अनवाणी त्या चकचकीत फरशीवरून थेट मोठ्या भिंतीपाशी गेली आणि उभी राहिली. बराच वेळ तिची पाठ तेवढी दिसत होती. उपासनाचे डोळे सुजलेले होते. तिला सकाळीच कळलं असणार, आणि बसस्टँडपासून इथवर तिनं आईला सांगितलेलं नाही हेही उघड होतं.

"फडकं माजंच हाय," सोनुबाई म्हणाली. "माज्या लुगड्याचं. काठ बी काढलाय बघ पोरीनं." मग तिनं चित्राला हात न लावता हवेतच त्या फडक्यावरून हात फिरवला. हात फिरता फिरता टिकलीपाशी येऊन थांबला. ती वळली, आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की मास्तरांनी खाली बघितलं. "टिकली लावलीस व्हय गं! मास्तर, बघितलासा? न्हाय इसरली. मी रातभर घोर लावून बसलेली, एवढी लोकं येनार, कोन तरी मागनार आन् ही भिडंला पडून देनार म्हनून."

उपासनानं मास्तरांकडं पाहिलं. सातवीतली पोरगी हेडमास्तरांच्या ऑफिसबाहेर उभी राहून बघायची तसं. आशुतोष तोंड उघडणार होता. मास्तर घाईनं म्हणाले, "टिकली लागलीय, सोनुबाई."

यातला शब्दही खोटा नव्हता. तेच वाक्य, त्याच आवाजात, त्यांनी एकदा भरमाला ऐकवलं होतं. तेव्हा त्या वाक्याला हेडमास्तर अडला होता. आता ते कुणालाच अडवत नव्हतं, नुसतं एका बाईला थोपवत होतं. सोनुबाई हसली. "मग आता कुनाचा बा आला तरी द्यायचं न्हाय. कधी न्यायचं गं घरी?" "प्रदर्शन संपू दे की, आये," उपासना म्हणाली आणि पाणी आणायला म्हणून आत गेली, ती लवकर बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी सोप्यात मुलं जमली. माग चालू होते. चिन्मयीनं तिच्या आजीचं चित्र काढलं होतं, नाक फार मोठं झालं होतं आणि म्हणून ती आजी अगदी आजीसारखी दिसत होती. ती हात पुढं करून उभी राहिली. "सर, टिकली. हे मी द्यायची नाही." मास्तरांनी पाकिटातून टिकली सोडवून तिच्या तळहातावर ठेवली. ती लगेच गेली नाही. "सर, टिकली लावली आणि तरीपण कुणी नेलं तर?"

मास्तर मुलांच्या प्रश्नाला कधी उत्तराविना ठेवत नसत. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणत, मग दोघं मिळून शोधत. आज ते म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो." चिन्मयी टिकली घेऊन गेली. पण लावताना तिनं ती चित्राच्या पुढच्या बाजूला लावली नाही. कागद उलटा करून, इकडंतिकडं बघून, मागच्या बाजूला लावली. ते त्यांनी पाहिलं. आपल्या एका वाक्यानं त्या मुलीला लपवायला शिकवलं होतं.

प्रदर्शन संपलं. चित्र लाकडी पेटीत घालून बंगळूरला गेलं. उपासनाचा फोन आला. "सर, मला आईला सांगवत नाही. ती रोज विचारते. पैसे मिळालेत, पण ते हातात दिले तर विचारेल कशाचे." मास्तर म्हणाले, "मी जातो." मुलांच्या चित्रांचे कागद पिशवीत होते, तीच पिशवी उचलून ते बसमध्ये बसले. वाटेत वाक्य जुळवत होते. फळ्यावर अवघड चित्र काढताना आधी सोपे आकार काढतात तसं आधी सोपं काय सांगावं? आशुतोषचं सांगावं, की बैलबाजाराचं, की स्वतःचं? यमकनमर्डी गेलं, संकेश्वर गेलं. निपाणी जवळ आली तसा खिडकीतून तंबाखूचा उग्र, गोडसर वास आला आणि जुळवलेलं सगळं सुटलं.

सोनुबाईनं घर सारवल्यासारखं नीट केलं होतं. समोरच्या भिंतीला नवा चुना होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी जरा बाजूला सरकवल्या होत्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक नवा, लांब खिळा होता. खिळ्याच्या खाली, उजव्या अंगाला, चुन्यावर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"जागा ठिवलीया," सोनुबाई म्हणाली. "शेजारीण म्हनाली, क्यालेंडर लाव तवर. म्हटलं, न्हाय. हितं टिकली लागल्याली हाय." ती स्वतःच हसली. मग तिनं मास्तरांच्या हातांकडं पाहिलं. पिशवीकडं पाहिलं. पिशवी चित्र मावेल एवढी नव्हती. "आनलं न्हाय व्हय?"

"सोनुबाई," मास्तर म्हणाले, "ते विकलं गेलं. तुम्ही बघितलंत तेव्हाच विकलेलं होतं. ती टिकली विकल्याची होती. मला माहीत होतं." एवढं सोपं होतं ते. मग त्यांनी भावाचं सांगितलं, आपणच सुचवलेलं सांगितलं, बैलाचं सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून ते वाट बघत होते. राग आला असता तर सोसायला काहीतरी मिळालं असतं.

"कुनाच्या घरात लावलंय?"

"लावलं नाही. वखारीत ठेवलंय. बंगळूरला."

"वखारीत?" तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला, जिभेवर जुनी चव यावी तशी. "आन् तितं काय करतोय त्यो?"

चित्र काय करतंय असं तिनं विचारलं नाही. मास्तरांनी ऐकलं. "भाव वाढायची वाट बघतोय," ते म्हणाले.

सोनुबाई उठून भिंतीपाशी गेली आणि नखानं टिकली काढायला लागली. टिकली पक्की बसली होती. तिच्याबरोबर चुन्याचा पोपडा निघायला लागला. तशी ती थांबली आणि निघालेला पोपडा अंगठ्यानं परत दाबून बसवला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भिंत खराब हुईल." बाहेरून कुणाचा तरी खोकला ऐकू आला, दोघांनीही दाराकडं पाहिलं आणि दोघांनीही पाहिल्याचं दाखवलं नाही.

"च्या घ्या, मास्तर. उन्हाचं आलासा," ती म्हणाली, आणि मास्तरांच्या मांडीवर घट्ट धरलेली पिशवी तिनं हळूच सोडवून घेतली. ठेवायला जागा बघत इकडंतिकडं वळली. मग तिनं ती त्या नव्या खिळ्याला अडकवली, आणि आत चुलीकडं गेली. पिशवी जड होती. जरा हलली, आणि मग टिकलीवर येऊन थांबली.